पोट अडतीस

त्रिशलानं टी-शर्ट उलटा केला, काखेजवळचा दोरा ब्लेडच्या टोकानं उचलला आणि सर्रकन ओढला. शिवण खालच्या घेरापर्यंत उसवत गेली. याच गिऱ्हाइकाचं काम उसवायची ही तिसरी वेळ. कापड तिनंच निवडलेलं, बेतलेलं तिनंच, आणि आता उसवायची पाळीही तिच्यावरच. काउंटरच्या पलीकडे कडेगावचे जोतीराम यादव हात पाठीमागे बांधून ताठ उभे होते. खुर्ची पुढं सरकवली तरी ते बसत नसत. फौजेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण उभं राहायची सवय काही सुटली नव्हती.

“आता काय होतंय?” त्रिशलानं मान वर न करता विचारलं.

“वर सरकतंय.”

“कुठून?”

“पोटावरनं. चार पावलं पळालं की वर. मिसेस म्हनत्यात, हातानं खाली वडत बसू का पळू?”

त्रिशलानं ब्लेड खाली ठेवलं. हिच्या हातची पॅन्ट घातली की कंबर दोन इंच कमी दिसते, असं सांगलीभर बोललं जाई. विश्रामबागेतल्या तिच्या दुकानात वीस वर्षं ब्लाउज शिवले गेले होते. गेल्या चार वर्षांत तिनं व्यायामाचे अंगाबरोबर बसणारे कपडे शिवायला घेतले, आणि सकाळी फिरायला, योगाला, जिमला जाणाऱ्या बायका दुकानाच्या पायऱ्या चढू लागल्या. मोठ्या दुकानातून घेतलेल्या लेगिंग्ज घेऊन यायच्या आणि विचारायच्या, “ही घातली की मी जास्तच जाड का दिसते?” त्रिशला सांगायची, घट्ट कापड चुगली करतं. जिथं वळ पडतो तिथंच ते आवळतं आणि लोकांना बोट दाखवून सांगतं. कापड असं हवं की ते अंगाला धरेल, पण दाबणार नाही. बाजूला गडद पट्टी घातली की रुंदी तिथं हरवते. कंबरेचा पट्टा बेंबीच्या वर न्यायचा आणि आतून दुहेरी करायचा. मागची शिवण सरळ टाकायची नाही, वळणानं न्यायची. हे सगळं तिला कुणी शिकवलं नव्हतं. उसवून उसवून ती शिकली होती, आणि त्याचा तिला चांगलाच गर्व होता.

त्या गर्वाला या एका टी-शर्टनं महिन्याभरात पार जेरीला आणलं होतं.

जोतीराम पहिल्यांदा आले तेव्हा बाहेरचा बोर्ड त्यांनी दोनदा वाचला होता. आत आले तेही सगळ्या बायका बाहेर पडल्यावर. “तुमच्याकडचं घातलं की मानूस बारीक दिसतं म्हनं,” असं म्हणून त्यांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढला होता. वर सुवाच्य अक्षरात नाव, सौ. क्रांती जोतीराम यादव. खाली एकाखाली एक मापं. छाती बेचाळीस. पोट अडतीस. खांदा एकोणीस. उंची पाच फूट दहा. आणि सगळ्यात खाली, अधोरेखित, ‘एकवीस डिसेंबरच्या आत.’

“एकोणीस खांदा?” तेव्हा त्रिशला हसलीच होती. “अहो, एकोणीस खांदा कुठल्या बाईचा असतो?”

“आमच्या मिसेसचा हाय. त्या आडव्या बांध्याच्या हायत.”

तिनं वाद घातला नाही. नवरे लोक बायकोचं माप घेतात ते कसं घेतात, हे तिला वीस वर्षांत पाठ झालं होतं. टेप कुठून कुठं धरायची याचा पत्ता नसतो. उंचीचं तर विचारूच नका. बायकोची उंची कुणाच्या लक्षात असते? स्वतःचीच लिहून मोकळा झाला असेल. म्हणून तिनं आपल्या अकलेनं मापं दुरुस्त केली. खांदा सोळा धरला, लांबी पाच फूट तीनच्या हिशेबानं कापली, आणि बेचाळीस छातीला शोभेल असा पुढच्या भागाला दोन वळणदार शिवणींनी गोलवा दिला. असा सुबक बसेल की बाई आरशापुढून हलणार नाही, असं तिला वाटलं होतं.

पाच दिवसांनी टी-शर्ट परत. खांद्यात शिरत नाही, लांबीला आखूड. तिनं मुकाट्यानं दुसरा कापला, कागदावरच्या खांद्याचा आणि उंचीचा. तोही परत. “छातीपाशी कापड गोळा हुतंय, ढगळ लागतंय,” जोतीरामनी छताकडे बघत सांगितलं होतं. बेचाळीस छातीच्या बाईला छातीपाशी ढगळ! त्रिशलानं चरफडत पुढचा भाग नवा बेतला, सरळसोट, एखाद्या पोत्यासारखा. आणि आता वर सरकतंय.

“यादवसाहेब,” ती म्हणाली, “मी आता याला कात्री लावणार नाही.”

“आवं ताई, तारीख जवळ आलीया.”

“तुमची तारीख मला पाठ आहे. पण मी काही ज्योतिषी नाही कागद बघून अंग ओळखायला. मिसेसना घेऊन या. दहा मिनिटांचं काम आहे. मी टेप लावते, आणि एकदाच असा बसवून देते की पुन्हा नाव काढणार नाहीत.”

“त्या यायच्या न्हाईत.”

“का?”

“लाजत्यात.”

“मी बाईच आहे ना? बाईला बाईची कसली लाज?”

जोतीरामांचा पांढरा शर्ट पॅन्टच्या बाहेर होता, कडक इस्त्रीचा. त्याचं खालचं टोक त्यांनी उगाचच सारखं केलं.

“तुमास्नी म्हाईत न्हाई,” ते म्हणाले. “पयल्यांदा लय देखनं अंग हुतं. बघनारं बघत ऱ्हायचं. आता कुनी बघू ने असं वाटतं त्यास्नी. कापडानं जरा धरून ठिवलं तर चार लोकात जाता येतंय, एवढंच.”

इतर वेळी त्रिशलाला हे ऐकून कणव आली असती. असं सांगणाऱ्या बायका तिच्याकडे रोज येत. पण आज तिच्या बोटाला ब्लेड लागलं होतं, दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती, आणि ज्या बाईनं तिचं तीन वेळा काम नापसंत केलं होतं ती बाई घरात बसून निरोप पाठवत होती. तिनं तो अर्धा उसवलेला टी-शर्ट दुकानाच्या पिशवीत कोंबला आणि पुढं सरकवला.

“न्या घरी. मिसेस आल्या तर शिवीन, नाहीतर जय जिनेंद्र.”

जोतीरामनी पिशवी घेतली. दारातून बाहेर पडताना त्यांनी शर्ट पुन्हा एकदा खाली ओढला.

पुढचे चार दिवस त्रिशला ज्याच्या त्याच्यावर डाफरत होती. एका नव्या नवरीची योगाची पॅन्ट तिनं पहिल्या फटक्यात बसवली, बाई आरशात मागं वळून वळून बघत होती, तरी त्रिशलाला आनंद झाला नाही. डोक्यात तेच. छाती बेचाळीस, पोट अडतीस; म्हणजे बाई धिप्पाड आहे, पण सुटलेली नाही. मग पोटावरून वर का सरकावं? कापड वर सरकतं ते खाली जागा अपुरी पडली की. आणि अडतीसला जागा अपुरी पडायचं काही कारणच नव्हतं. तिनं दोन इंच सैल धरले होते.

सोळा तारखेला दुपारी एक बाई दुकानात आली. सडपातळ, सावळी, पंचेचाळिशीची, खांद्यावरून पदर घट्ट ओढून घेतलेला. चप्पल तिनं पायरीवर काढली आणि आत येऊन तीच पिशवी काउंटरवर ठेवली.

“त्रिशलाताई तुमीच?”

“हो.”

“ह्या पिशवीला चिठ्ठी लावलीया. तिच्यावर माझं नाव हाय. क्रांती जोतीराम यादव.”

त्रिशला तिच्याकडे बघतच राहिली. वीस वर्षांच्या सवयीनं डोळ्यांनीच माप घेतलं. छाती बत्तीस. खांदा चौदा, फार तर साडेचौदा. उंची पाच फूट, वर एखादा इंच.

“तुम्ही क्रांती यादव?”

“व्हय. आनि मी जल्मात असलं कायबी घातलेलं न्हाई.” ती माघार घेणारी दिसत नव्हती. “मालकांच्या ट्रंकंत, सगळ्यात तळाला घावलं. माझं नाव लावून कुनासाठी शिवताय? खरं सांगा. मी कडेगावास्न दोन गाड्या बदलून आलीया. खोटं ऐकायला न्हाई आले.”

“अहो, मला काय माहीत कुणासाठी! मला सांगितलं मिसेससाठी.”

त्रिशलानं टी-शर्ट पिशवीतून काढला, काउंटरला वळसा घालून आली आणि तिच्या खांद्यांवर धरला. खांद्याच्या शिवणी थेट दंडावर उतरल्या. खालचा घेर मांड्यांवर आला. समोरच्या आरशात दोघींनीही ते पाहिलं.

मग क्रांतीनं टी-शर्टचा गळा नाकाजवळ नेला. “बाम,” ती म्हणाली. “गुडघ्याला चोळत्यात त्यो.”

त्रिशलानं वहीत ठेवलेला कागद काढून तिच्यापुढं केला. क्रांतीनं तो हातात घेतला, पण वाचायच्या आधी नुसता बघितला.

“ह्येंचंच अक्षर. धा वर्सं मी ह्या अक्षरातली पत्रं वाचल्यात.” तिचं बोट एकेका ओळीवरून खाली आलं. “खांदा एकोनीस. उंची पाच धा.” जोतीराम कधीच बसले नव्हते त्या खुर्चीवर ती बसली. “आवं, ही तर मालकांची उंची.”

त्रिशलाला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. एकोणीस खांदा कुठल्या बाईचा असतो, हे तिनंच तर विचारलं होतं. माणसानं सगळं खरं लिहून दिलं होतं, एक नाव सोडून. आणि तिनं नावावर विश्वास ठेवून मापं खोडली होती. पुढच्या भागाला गोलवा दिला होता! त्या मिशाळ माणसानं आरशापुढं तो घालून बघितला असेल, या विचारानं तिला एकदम हसू फुटलं. क्रांतीलाही कळलं. ती पदर तोंडाला लावून हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

“मला वाटलं, कोन बाई हाय का काय,” ती म्हणाली. “रातभर डोळ्याला डोळा न्हाई लागला.”

त्रिशलानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

“अठ्ठावीस वर्सं शर्ट खोचूनच घातला ह्येनी,” क्रांती पाणी न पिता सांगू लागली. “रजंवर आलं तरी. शेतात जाताना सुदीक पट्टा. घरी आल्यावर सा म्हैन्यात शर्ट भाईर आला. मी म्हटलं, गरमत असंल. येकवीसला मलकापुरात त्यांच्या पलटनीची सगळी जमनार हायत. सकाळी पाच किलोमीटर पळत्यात, मग जेवान. गेल्या साली गेलं न्हाईत. म्हनं गुडघा दुखतोय. गुडघ्याला काय धाड भरलीया! पहाटे उसाच्या वाटंनं पळून येत्यात. मी जागीच असते. त्यास्नी वाटतं, झोपलीया.”

“यंदा जाणार आहेत?”

“नाव दिलंय. ह्ये अंगाला बसलं तर जात्याल. न्हाई बसलं तर गुडघा दुखंल.” तिनं कागदाकडे पुन्हा पाहिलं आणि भुवया वर गेल्या. “पोट अडतीस?”

“तेच तर बसत नाही.”

“अडतीस हुतं की. जम्मूला असताना.”

त्रिशलानं कपाळाला हात लावला. म्हणजे आताचा घोळ या एका आकड्यात होता. बाकी सगळं टेपनं मोजलेलं आणि एवढं एक आठवणीनं लिहिलेलं. चिडावं तर कुणावर, हेही तिला कळेना. “मग आज किती आहे? एकदा टेप लावून आणता का?”

“झोपंत लावू व्हय? टेप बघितली तर घर सोडून जातील.”

कोपऱ्यात दुकानातला कापडी पुतळा उभा होता, ब्लाउज चढवून बघायचा. क्रांतीची नजर त्याच्यावर गेली. ती उठली, पुतळ्यापाशी गेली, मग दाराकडे पाहून म्हणाली, “ताई, दार जरा लोटता का?”

त्रिशलानं दार लोटलं. क्रांतीनं पुतळा फिरवून त्याची सपाट पाठ आपल्याकडे केली आणि त्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. गाल पुतळ्याच्या खांद्याला टेकवला. तिचे हात पलीकडे एकमेकांवरून पुढं गेले.

“न्हाई. ह्यो लय बारीक हाय. गुंडाळा कायतरी.”

त्रिशलाच्या लक्षात आलं. तिनं मांडणीवरून उरलेलं कापड ओढलं आणि क्रांतीनं हात सैल केले तशी पुतळ्याच्या पोटाभोवती लपेटायला सुरुवात केली. एक वेढा, दुसरा, चौथा. क्रांती दर वेळी मिठी मारून बघायची आणि मान हलवायची.

“लगीन झालं तवा माझी बोटं मागं येकमेकांत अडकायची,” ती डोळे मिटून म्हणाली. “गच्च. आता न्हाई अडकत. टोकाला टोक लागतं निस्तं. आनि येक येढा घाला.”

त्रिशलानं आणखी एक वेढा घातला. क्रांतीनं हात पसरले, अंग पुढं दिलं, आणि पुतळ्याच्या पलीकडे तिच्या दोन्ही मधल्या बोटांची टोकं एकमेकांना टेकली. ती तशीच थांबली. बराच वेळ थांबली.

“बास,” ती म्हणाली. “येवढंच हाय.”

तिनं हात काढल्यावर त्रिशलानं टेप लावली. साडेचव्वेचाळीस. आकडा तिनं मोठ्यानं उच्चारला नाही आणि क्रांतीनंही विचारला नाही. उसवलेला टी-शर्ट क्रांतीनं, आधी होता तसाच चुरगाळून, पिशवीत परत भरला. “ट्रंकंत जिथल्या तिथं ठिवते,” ती म्हणाली. “मी आले हुते ह्ये त्यास्नी कळाय नगं.”

त्रिशलानं त्याच दिवशी नवा टी-शर्ट कापायला घेतला. नेहमीची सगळी युक्ती तिनं पणाला लावली, फक्त दिशा बदलून. खांद्याची शिवण अर्धं बोट पुढं घेतली, त्यानं खांदा उठावदार दिसतो आणि खालचं सगळं कमी वाटतं. बाजूच्या गडद पट्ट्या काखेत रुंद ठेवून खाली निमुळत्या केल्या. पोटावर आतून जाळीच्या कापडाचा दुसरा थर दिला, आवळणारा नाही, नुसता हात ठेवल्यासारखा. पुढचा घेर दोन बोटं लांब धरला, कारण पोट लांबी खातं. पुतळ्यावर चढवला, मागं सरकून बघितला, उतरवला, बाही अर्धा इंच आत घेतली आणि परत चढवला. आता तो वर सरकायला कारणच उरलं नव्हतं.

एकोणीस तारखेला जोतीराम आले. हातात तीच पिशवी, चेहरा पडलेला.

“मिसेस काय यायला तयार न्हाईत, ताई. आसंच ह्येला टाके घालून द्या. चालवून घेत्याल.”

“राहू द्या ते. मी नवीन शिवून ठेवलाय.”

“माप कुठलं धरलं?”

“तुमच्याच कागदाचं.”

“पोट?”

“अडतीस.”

जोतीरामनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग टी-शर्ट उचलून दोन्ही हातांत ताणून बघितला. फौजेत किट तपासतात तशी त्यांनी शिवण बघितली.

“अडतीसच?”

“अडतीसच. कापड बदललं फक्त. मागचं कापडच खराब होतं, मिसेसची काही चूक नव्हती. सांगा त्यांना.”

“सांगतो,” जोतीराम म्हणाले, आणि या वेळी जाताना त्यांनी शर्टाला हात लावला नाही.

एकवीस तारखेला रविवार होता. सकाळी साडेनऊला त्रिशला दुकानाचं कुलूप काढत होती तेव्हा फोन वाजला. पलीकडे गलका होता; शिट्ट्या, मोठमोठ्यानं हसणं, कुणीतरी लाउडस्पीकरवर नाव पुकारत होतं.

“ताई, यादव बोलतोय. रिपोर्ट द्यायचा हुता.” ते धापा टाकत होते. “मिसेसना बसलं. पाच किलोमीटर. येकदाबी वर सरकलं न्हाई.”

“मिसेस खूश आहेत ना?”



“व्हय. सकाळी आरशाम्होरं लय वेळ हुत्या.” मागून कुणीतरी ओरडलं, “ए जोत्या, फोटोला ये की! मधी हुबा ऱ्हा!” जोतीराम घाईघाईनं म्हणाले, “आनि ताई, आसाच आजून येक शिवा. निळ्यात. माप त्येच. पोट अडतीस.”

“अडतीस,” त्रिशला म्हणाली.

तिनं वही उघडली, क्रांती जोतीराम यादव असं नाव घातलं आणि पुढं अडतीस लिहिलं. मग कोपऱ्यातला पुतळा ओढून जवळ घेतला. त्याच्या पोटावरचं कापड तिनं अजून सोडलेलं नव्हतं.